घोडेस्वाराच्या हाती आरमार: दिंग रुचांग आणि वेइहाइवेइचे शेवटचे दिवस

गोदीकर:

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आमचं जहाज चीनमधल्या वेइहाइच्या (तेव्हाचं वेइहाइवेइ) गोदीत दुरुस्तीला लागलं होतं. एक रविवार मोकळा मिळाला तेव्हा फेरीबोटीने समोरच्या लिउगोंग बेटावर जाऊन आलो. तिथल्या संग्रहालयात जर्मनीच्या क्रुप कारखान्याच्या दोन जुन्या तोफा आहेत, २१ सेंटिमीटर व्यासाच्या, १९८६ मध्ये समुद्राच्या तळातून वर काढलेल्या. एकेक नळी वीस टनांच्या आसपास. माझं सगळं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं, त्यामुळे लोखंड दिसलं की पाय तिथेच थांबतात. ब्याऐंशी वर्षं खाऱ्या पाण्यात राहून त्या नळ्यांच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले आहेत. बराच वेळ मी तिथून हललो नाही.

पुढे एक जुनं, अंगण असलेलं घर लागतं. अंगणात विस्टेरियाचा वेल आहे, खोड मनगटापेक्षा जाड. इथे राहणाऱ्या माणसाने तो स्वतः लावला असं सांगतात. तो माणूस म्हणजे दिंग रुचांग, छिंग बादशाहीच्या बेइयांग आरमाराचा प्रमुख. फेब्रुवारी १८९५ मध्ये याच बेटावर त्यांनी अफू घेऊन जीव दिला. परत आल्यापासून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. मराठीत फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

दिंग यांचा जन्म १८३६ चा, आन्ह्वेइ प्रांतातल्या लुजिआंग तालुक्यातला. घर गरीब, शाळा लवकर सुटलेली. चीनमध्ये तेव्हा तायपिंग बंड पेटलं होतं. १८५४ च्या सुमारास, विशीही गाठली नव्हती तेव्हा, ते बंडखोरांना जाऊन मिळाले. १८६१ मध्ये आनछिंगच्या वेढ्यात त्यांचा सरदार बादशाही फौजेकडे गेला आणि त्याच्यासोबत हेही गेले. पुढे बडे बादशाही सरदार ली होंगचांग यांच्या ह्वाइ सेनेत घोडदळात चढत गेले. ज्यांच्याशी कालपर्यंत जेवणखाण होतं त्यांच्यावरच आता तलवार चालवायची होती. बंड मोडलं, मग न्यान बंडही मोडलं, आणि लढाया संपल्यावर घोडदळाची कपात सुरू झाली. वरिष्ठाशी खटका उडाला आणि दिंग गावी परतले.

१८७९ मध्ये ली होंगचांग यांनी त्यांना आरमारात घेतलं. वय बेचाळीस, आणि तोवरचं सगळं आयुष्य घोड्यावर गेलेलं. लींना आरमाराच्या जाणकारापेक्षा भरवशाचा माणूस हवा होता. जहाजं परदेशातून विकत घेता येतात, कप्तान विलायतेत शिकवून आणता येतात, पण सगळ्यांच्या वर आपला माणूस पाहिजे, हा त्यांचा हिशेब. त्या काळच्या चीनमध्ये फौज बादशहाची म्हणवली जायची, पण माणसं पाहायची आपापल्या सरदाराकडे. दिंग यांची सगळी कारकीर्द या एका हिशेबातून घडली आणि त्याच हिशेबात बुडाली, असं मला वाटतं.

त्यांनी काम मात्र मनापासून शिकून घेतलं. १८८१ मध्ये दोनशेवर खलाशी घेऊन ते इंग्लंडला न्यूकॅसलला गेले. तिथे आर्मस्ट्राँग कंपनीसाठी बांधलेल्या ‘चाओयोंग’ आणि ‘यांगवेइ’ या दोन क्रूझर ताब्यात घ्यायच्या होत्या. चिनी खलाश्यांनी चालवलेली चिनी जहाजं प्रथमच युरोपातून घरी निघाली. भूमध्य समुद्रात दोघींची चुकामूक झाली. अलेक्झांड्रियाजवळ ‘यांगवेइ’चा कोळसा संपला, आणि ‘चाओयोंग’ कोळसा घेऊन येईपर्यंत ती दोन दिवस तरंगत राहिली. ज्यांनी बंद पडलेल्या इंजिनाच्या जहाजावर रात्र काढली आहे त्यांना ते दोन दिवस कसे गेले असतील ते सांगायला नको. शेवटी दोन्ही जहाजं सुखरूप पोचली. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

नंतर जर्मनीत श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत बांधलेली दोन चिलखती जहाजं आली, ‘दिंगयुआन’ आणि ‘झेनयुआन’. प्रत्येकी सात हजार टनांवर, चार-चार ३०.५ सेंटिमीटरच्या क्रुप तोफा, मधल्या भागात १४ इंच जाडीचं चिलखत. त्या काळी आशियातल्या कुठल्याही देशाकडे असं जहाज नव्हतं. १८८८ मध्ये बेइयांग आरमाराची रीतसर स्थापना झाली आणि दिंग त्याचे प्रमुख झाले. १८९१ मध्ये ते ताफा घेऊन जपानला गेले. योकोहामाला ‘दिंगयुआन’वर पाहुण्यांना बोलावून जहाज दाखवलं. पाहुणे चांगलेच हादरले, आणि घरी जाऊन त्यांनी आरमारावरचा खर्च वाढवला.

चीनमध्ये त्याच वर्षी उलटं घडलं. खजिन्याच्या खात्याने हुकूम काढला की परदेशातून जहाजं आणि तोफा घेणं दोन वर्षं बंद. १८८८ नंतर बेइयांग आरमारात बाहेरून एकही मोठं जहाज आलं नाही. जपानकडे दरम्यान ‘योशिनो’ आली, ताशी २३ नॉट धावणारी, जलद गोळीबाराच्या तोफांची. दिंग यांची तगडी जहाजं १५ नॉटच्या आत. लढाईच्या आधी त्यांनी निदान जलद गोळीबाराच्या तोफा तरी द्या असं मागितलं. पैसे नाहीत असं उत्तर आलं. कैपिंगच्या खाणीतून कोळसा यायचा, त्यात चुराच जास्त. ‘असा कोळसा पाठवू नका’ या अर्थाची त्यांची पत्रं आहेत.

इथे माझ्या मनातलं सांगतो. मी ज्या जहाजांवर काम केलं त्यातल्या एकावर मुख्य इंजिनाच्या सुट्या भागांची मागणी आम्ही वर्षभर पाठवत होतो. ऑफिसकडून दर वेळी ‘पुढच्या बंदरात’. एका वादळात इंजिन बंद पडलं. चौकशीत आमच्या कप्तानावर ठपका आला आणि त्या भल्या माणसाची नोकरी गेली. मागणीचे कागद माझ्या फाइलमध्ये होते, ते कोणी उघडलेसुद्धा नाहीत. दिंग यांची कोळशाची पत्रं वाचली तेव्हा मला ती फाइल आठवली.

१८९४ च्या जुलैमध्ये कोरियावरून ठिणगी पडली. २५ जुलैला ‘काउशिंग’ हे चिनी सैनिक नेणारं, ब्रिटिश निशाणाचं जहाज जपानी ‘नानिवा’ने बुडवलं. जवळजवळ अकराशे सैनिक होते त्यावर, त्यातले बहुतेक बुडाले. दरबारातून ओरड सुरू झाली की दिंग भित्रे आहेत, लढत नाहीत. आणि ली होंगचांग यांचा हुकूम असा की जहाजं जपा, वेइहाइवेइ ते यालू या रेषेच्या पलीकडे जाऊ नका. ऑगस्टअखेर दिंग यांना पदावरून काढायचं फर्मान निघालं. लींनी रदबदली केली म्हणून ते टिकले. दरबार ‘लढ’ म्हणत होता आणि वरिष्ठ ‘जप’ म्हणत होते.

१७ सप्टेंबर १८९४. यालू नदीच्या मुखाजवळ दुपारी एकच्या सुमारास दोन्ही ताफे भिडले. दिंग यांनी जहाजं आडव्या रांगेत लावली, मधोमध दोन चिलखती. ‘दिंगयुआन’ने पाच हजार मीटरच्या पुढून पहिली तोफ डागली, आणि त्या धक्क्याने तिच्याच वरचा ब्रिज कोसळला. दिंग त्यावर उभे होते. पाय जायबंदी झाला. थोड्या वेळात निशाणं द्यायची डोलकाठीही गेली. पुढचे चार-साडेचार तास त्या ताफ्याला कोणी हुकूम देऊ शकलं नाही, प्रत्येक जहाज आपापल्या अकलेने लढलं. दिंग यांना खाली न्यायला लोक आले तेव्हा ते गेले नाहीत, डेकवर बसून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्या खलाश्यांना धीर देत राहिले.

उजव्या टोकाला कोणती जहाजं होती? ‘चाओयोंग’ आणि ‘यांगवेइ’. तेरा वर्षांपूर्वी न्यूकॅसलहून आणलेली. आतले पडदे लाकडाचे, वर्षानुवर्षं वॉर्निशचे थर चढलेले. जपानी जलद तोफांचे गोळे पडले आणि दोन्ही होळीसारखी पेटली. डेकवर बसलेल्या दिंग यांनी ते पाहिलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

‘झियुआन’चे कप्तान देंग शिचांग यांनी सरळ ‘योशिनो’वर चाल केली, टक्कर मारायच्या इराद्याने, पण पोचण्याआधीच जहाज स्फोटाने गेलं. चीनने त्या दिवशी पाच जहाजं गमावली, जपानने एकही नाही. मात्र दोन्ही चिलखती शंभरावर गोळे खाऊनही तरंगत राहिली आणि कुठल्याही जपानी गोळ्याने ते चिलखत भेदलं नाही. ‘झेनयुआन’च्या एका मोठ्या गोळ्याने जपानी निशाणजहाज ‘मात्सुशिमा’वर हाहाकार उडवला. स्फोटक भरलेले असे मोठे गोळेच चिनी जहाजांवर मोजके होते. बाकीचे भरीव, भोक पाडून जाणारे. माझ्या मते यालूच्या लढाईतली सगळ्यात दुखरी जागा ती आहे.

वेइहाइवेइबद्दल प्रतिसादात लिहितो, आता ड्यूटीची वेळ झाली.

माळरान:

गोदीकर, फार ताकदीचं लिहिलंय. चुऱ्याच्या कोळशाचं वाचून वाईट वाटलं. एक शंका: राजमातेने आरमाराच्या पैशातून संगमरवरी जहाज बांधलं, हे शाळेत ऐकलं होतं. खरं आहे का?

गोदीकर:

माळरान, धन्यवाद. गाभा खरा आहे, चित्र थोडं वेगळं. बेजिंगच्या उन्हाळी राजवाड्याच्या डागडुजीसाठी आरमाराच्या नावाने उभा केलेला पैसा वळवला गेला, त्याबद्दल वाद नाही. ते जहाज मात्र मूळ १७५५ चं, छियानलोंग बादशहाच्या वेळचं. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी राजवाडा जाळला त्यात त्याचा वरचा भाग गेला, तो १८९३ मध्ये नव्याने बांधला. खालचा चौथरा दगडाचा आहे आणि वरचे मजले लाकडाचे, संगमरवर वाटावा असे रंगवलेले.

त्याहून एक तारीख मला जास्त बोचते. राजमाता त्सिशींच्या साठीचा वाढदिवस ७ नोव्हेंबर १८९४ ला होता. त्याच दिवशी जपानी फौजेने दालिआन बंदर घेतलं.

जुनी बखर:

लेख चांगला आहे, कष्ट दिसतात. पण गोदीकरदादा, तुम्ही दिंग यांना फार मोकळं सोडलंत. मला काही गोष्टी पटत नाहीत.

आडवी रांग त्यांनीच निवडली. तोफा समोरच्या बाजूला म्हणून निवडली हे मान्य, पण वेगवान शत्रू बाजूने वळसा घालणार हे दिसत होतं. सर्वांत जुनी, पेट घेणारी जहाजं रांगेच्या टोकाला ठेवणं हीसुद्धा त्यांचीच चूक. प्रमुख जखमी झाला तर निशाणं कोणी द्यायची, हे आधी ठरलेलं नव्हतं. ते कोणत्या खजिन्याच्या खात्याने अडवलं होतं?

आणि शेवट. ‘झेनयुआन’सकट दहा जहाजं जपानच्या हाती धडधाकट लागली. ती बुडवली असती तर? ‘झेनयुआन’ पुढे ‘चिनएन’ नावाने जपानी आरमारात सामील झाली, १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईतही होती. तिचे नांगर टोकियोच्या उएनो बागेत विजयचिन्ह म्हणून मांडले होते, १९४७ मध्ये चीनला परत मिळाले. पन्नास वर्षं आपल्या जहाजाचा नांगर परक्याच्या बागेत. सेनापतीची जबाबदारी इथे संपत नाही असं माझं मत.

माझगाव:

जुनी बखर यांच्या प्रश्नाचं उत्तर गोदीकर देतीलच. मी मुंबईकडून दोन धागे जोडतो.

चीनला आरमार हवं असं वाटलं ते अफूच्या युद्धांमुळे. पहिलं युद्ध संपवणारा १८४२ चा नानजिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर झाला. ती ७४ तोफांची सागवानी नौका १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली बांधली गेली होती. मी लहानपणापासून त्या गोदीच्या भिंतीजवळून जातो. चीनच्या अपमानाचा कागद आमच्या सुतारांनी रंधा मारलेल्या डेकवर सही झाला, हे कळलं तेव्हा ती भिंत वेगळी दिसायला लागली.

दुसरं म्हणजे माळव्याची अफू. ती मुंबई बंदरातून चीनला जायची, आणि या शहरातल्या कितीतरी जुन्या पेढ्या आणि दानधर्म त्या पैशावर उभे राहिले. दिंग यांच्या वेळेपर्यंत चीनमध्ये स्वतःची अफू मुबलक पिकत होती, त्यामुळे त्यांनी घेतलेली अफू कुठली होती याला काही अर्थ नाही. पण चिनी घराघरात ही वस्तू हाताशी असण्याची जी सवय लागली, तिच्यात आपल्या बंदराचा वाटा आहे. हे आपण लिहायला हवं असं मला वाटतं.

तांडेलकन्या:

माझगाव, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या घरात चार पिढ्या समुद्रावर, पण ‘कॉर्नवॉलिस’चं माहीत नव्हतं.

मी एक ऐकलेली गोष्ट विचारते. म्हणे जपानी आरमाराचे तोगो यांनी ‘दिंगयुआन’च्या तोफांवर खलाश्यांचे कपडे वाळत घातलेले पाहिले आणि तिथेच म्हणाले की हे आरमार हरणार. आमच्या प्रशिक्षणात शिस्तीचा धडा म्हणून सांगायचे.

गोदीकर:

तांडेलकन्याताई, ती गोष्ट सगळीकडे सांगतात. पण कधी ती नागासाकीला घडते, कधी कुरेला, कधी योकोहामाला. जहाजसुद्धा कधी ‘दिंगयुआन’, कधी ‘पिंगयुआन’. जिची जागा आणि जहाज दर सांगण्यात बदलतं त्या गोष्टीवर मी एखाद्या माणसाची लायकी ठरवणार नाही. शिवाय जहाजावर कपडे कुठेतरी वाळणारच, तुमच्या घरात चार पिढ्या हे पाहत आल्या आहेत.

शिस्त ढिली होती हे मात्र खरं. ब्रिटिश अधिकारी विल्यम लँग यांनी ताफ्याला कडक वळण लावलं होतं. १८९० मध्ये हाँगकाँगला दिंग काही जहाजं घेऊन बाहेर गेले असताना ‘दिंगयुआन’चे कप्तान लिउ बुचान यांनी प्रमुखाचं निशाण उतरवून आपलं चढवलं. लँग स्वतःला प्रमुखाच्या बरोबरीचे मानत होते. तार गेली, लींनी लिउ यांची बाजू घेतली आणि लँग राजीनामा देऊन गेले. त्यानंतर कवायती सैल पडल्या. बहुतेक कप्तान फुजिआन प्रांतातले, फुजोउच्या शाळेत एकत्र शिकलेले, त्यातले कित्येक पुढे विलायतेतही शिकून आलेले. दिंग आन्ह्वेइचे, घोडदळातले. त्यांच्यापुढे वागताना मनात काय असेल ते ओळखता येतं. ज्या खात्यात आपण वरचे आणि हाताखालचे सगळे आपल्यापेक्षा जाणकार, तिथे हुकूम चालवणं सोपं नसतं.

जुनी बखर, तुमच्या प्रश्नाला आता वेइहाइवेइनेच उत्तर देतो. टोकाच्या जहाजांबद्दल आणि निशाणांच्या सोयीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तिथे दिंग चुकले.

यालूनंतर जखमी ताफा लुशुनला (पोर्ट आर्थर) दुरुस्त झाला आणि वेइहाइवेइला आला. नोव्हेंबरात बंदरात शिरताना ‘झेनयुआन’चा तळ खडकाला फाटला. तिचे कप्तान लिन ताइझेंग यांनी ते मनाला लावून घेऊन आत्महत्या केली. २१ नोव्हेंबरला लुशुन पडलं. लुशुन गेल्याचा ठपका दिंग यांच्यावर आला, त्यांना बेड्या घालून बेजिंगला आणायचा हुकूम निघाला. आरमारातल्या अधिकाऱ्यांनी आणि लींनी अर्ज केले म्हणून अटक लांबली. पुढचे दोन महिने हा माणूस डोक्यावर अटकेचा हुकूम घेऊन बंदर लढवत होता.

२० जानेवारी १८९५ ला जपानी फौज पूर्वेला रोंगचेंगच्या खाडीत उतरली आणि जमिनीवरून मागून आली. बंदराच्या तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या. ३० जानेवारीला दक्षिणेचे किल्ले पडले, २ फेब्रुवारीला वेइहाइ शहर आणि उत्तर किनारा. उत्तरेकडच्या तोफा शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून दिंग यांनी आधीच निकामी करून ठेवल्या होत्या. दक्षिणेकडेही तेच करायचं होतं, पण तिथले जमिनीवरचे सरदार अडून बसले. ज्या तोफा निकामी झाल्या नाहीत त्याच पुढे बंदरातल्या चिनी जहाजांवर धडाडल्या, ९ तारखेला ‘जिंगयुआन’ त्यांच्याच गोळ्याने बुडाली.

५ फेब्रुवारीच्या पहाटे जपानी टॉर्पेडो बोटी कडाक्याच्या थंडीत आत शिरल्या आणि ‘दिंगयुआन’ला पाणतीर (टॉर्पेडो) लागला. तिला उथळ पाण्यात नेऊन रुतवली आणि तोफखान्यासारखी वापरली. पुढच्या पहाटे ‘लाइयुआन’ आणि ‘वेइयुआन’ गेल्या. ७ तारखेला दिंग यांच्या टॉर्पेडो बोटीच बंदरातून पळाल्या, त्यातल्या जवळजवळ सगळ्या पकडल्या गेल्या किंवा फुटल्या. ‘दिंगयुआन’ शेवटी तिच्याच लोकांनी सुरुंग लावून उडवली, आणि लिउ बुचान यांनी अफू घेतली.

बेटावर मग सैनिक आणि खलाशी गटागटाने दिंग यांच्याकडे यायला लागले, शरण जा म्हणून. परदेशी सल्लागारही तेच म्हणत होते. दिंग यांनी मदत येते आहे, थांबा, असं सांगून दिवस काढले. ११ तारखेला कळलं की शानदोंगकडून मदत येणार नाही. जुनी बखर, त्या रात्री त्यांनी ‘झेनयुआन’ पाणतीराने बुडवायचा हुकूम दिला. एकही हात पुढे आला नाही. जहाज सुरक्षित दिलं नाही तर शत्रू आपल्याला सोडणार नाही अशी लोकांना भीती होती. हुकूम दिला आणि पाळला गेला नाही, हे आपण दोघांनी कुठल्या खात्यात मांडायचं ते तुम्ही सांगा.

जुनी बखर:

गोदीकरदादा, दक्षिणेच्या तोफांचा आणि ‘झेनयुआन’बद्दलच्या हुकुमाचा तपशील मला माहीत नव्हता. ‘बुडवली असती तर’ हे मी मागे घेतो. आडव्या रांगेचं नाही घेत.

पण शरणागतीचं पत्र तर त्यांच्याच नावाचं आणि त्यांच्याच शिक्क्याचं होतं ना?

गोदीकर:

हो. १२ फेब्रुवारीला सकाळी चेंग बिग्वांग हे अधिकारी एका लहान गनबोटीवर पांढरं निशाण लावून ते पत्र जपानी प्रमुख इतो सुकेयुकी यांच्याकडे घेऊन गेले. त्याबद्दल दोन हकिकती आहेत. एका हकिकतीप्रमाणे दिंग यांनी स्वतः पत्र लिहिलं, माणसं वाचवायची अट घातली आणि मग अफू घेतली. दुसरी तिथल्या ब्रिटिश सल्लागाराने, विल्यम टायलर यांनी आठवणींत लिहिली आहे. तिच्यानुसार दिंग आधी गेले, आणि उरलेल्यांनी त्यांच्या नावाने पत्र तयार करून शिक्का उठवला. चिनी बाजूला असंही सांगतात की शिक्का फोडायचा हुकूम त्यांनी देऊन ठेवला होता. मला दुसरी हकिकत जास्त पटते, कारण शरण जायचं पाप मेलेल्या माणसाच्या नावावर टाकणं उरलेल्या सगळ्यांच्या सोयीचं होतं. जपान्यांनी मात्र ते पत्र दिंग यांचंच मानलं.

नवखा वाचक:

इतो आणि दिंग यांच्यात आधी पत्रव्यवहार झाला होता असं कुठेतरी वाचलंय. त्याबद्दल सांगाल का? आणि नंतर त्यांचं काय झालं?

गोदीकर:

जानेवारीत वेढा आवळत असताना इतोंनी दिंग यांना इंग्रजीत पत्र पाठवलं. एका ब्रिटिश युद्धनौकेने ते पोचवलं. सूर मित्राचा आहे. तुमचा पराभव एका माणसाच्या चुकीने झालेला नाही, तुमची राज्यपद्धती जुनी झाली आहे, तीस वर्षांपूर्वी आम्हीही याच संकटात होतो आणि बदललो म्हणून वाचलो, असं ते लिहितात. शरण येऊन जपानमध्ये राहा, देशाला पुढे तुमची गरज लागेल, असं सुचवतात. उदाहरणं देतात फ्रान्सच्या मॅकमहॉन यांचं आणि तुर्कांच्या उस्मान पाशाचं. दोघेही युद्धकैदी झाले, आणि मॅकमहॉन पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झाले. दिंग यांनी पत्र वाचलं, उत्तर दिलं नाही, पत्र वर पाठवून दिलं.

शरणागतीचं पत्र मिळाल्यावर इतोंनी उत्तरासोबत भेटी पाठवल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, आणि सोबत दिंग गेल्याची बातमी. इतोंनी ‘कांगजी’ हे वाहतुकीचं जहाज जप्तीतून वगळलं आणि त्यावरून दिंग यांची शवपेटी झिफूला (आजचं यांताइ) न्यायची परवानगी दिली. १७ तारखेला ते निघालं तेव्हा जपानी जहाजांनी निशाणं अर्ध्यावर उतरवली.

स्वतःच्या बादशहाकडून त्यांना मरणोत्तर काहीही मिळालं नाही. पदव्या गेल्या. शवपेटी काळी रंगवून तांब्याच्या पट्ट्यांनी आवळली, गुन्हेगाराची म्हणून, असं चीनमध्ये सांगतात. पुरायला परवानगी नव्हती. १९१० मध्ये, पंधरा वर्षांनी, नव्या आरमार खात्याच्या खटपटीने त्यांना दोषमुक्त केलं, आणि दफन झालं १९१२ मध्ये. छिंग बादशहाने गादी सोडली ती तारीख १२ फेब्रुवारी १९१२. वेइहाइवेइहून पांढरं निशाण निघालं त्याला त्या दिवशी बरोबर सतरा वर्षं झाली होती. पुढे ती कबरही उद्ध्वस्त झाली.

तांडेलकन्या:

हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. सतरा वर्षं पेटी जमिनीवर. घरच्यांनी काय काढलं असेल.

टाईनकाठ:

उशिरा आले धाग्यावर. मी गेली नऊ वर्षं न्यूकॅसलला राहते. चाओयोंग-यांगवेइचं वाचून दचकले, कारण इथे एल्सविकच्या सेंट जॉन दफनभूमीत बेइयांग आरमाराच्या पाच खलाश्यांच्या कबरी आहेत. दोन १८८१ च्या, म्हणजे दिंग यांच्यासोबत आलेल्या तुकडीतल्या, आणि तीन १८८७ च्या, नंतरची जहाजं न्यायला आलेल्यांच्या. त्यांची अवस्था वाईट झाली होती, २०१९ मध्ये दुरुस्त झाल्या. मी एवढ्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. या शनिवारी जाते.

गोदीकर:

टाईनकाठ, हे मला अजिबात माहीत नव्हतं. नक्की जा. शक्य झालं तर आमच्या सगळ्यांच्या वतीने एक फूल ठेवा.

टाईनकाठ:

आज जाऊन आले. सकाळपासून बुरबुर पाऊस होता, गवत ओलं, बूट भिजले. दफनभूमी चढावर आहे. पाच दगड एका रांगेत, चिनी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं. चिनी मला वाचता येत नाही, म्हणून ओल्या दगडावरून नुसतं बोट फिरवलं. शेवंतीची पाच फुलं नेली होती, प्रत्येकापुढे एक ठेवलं. १८८१ च्या दोघांपुढे थोडी जास्त थांबले. जहाजं घरी निघाली तेव्हा ही मुलं इथेच राहिली.

परत येताना नदीकाठाने आले. जहाजबांधणीची कुठलीच खूण मला सापडली नाही. गोदीकर, तुमचं जहाज पुन्हा वेइहाइला गेलं तर त्या वेलाला बहर आला होता का तेवढं कळवा.